परवा निघायचंय तर: कोल्हापुरातून हिवाळ्यातली घाईची कौटुंबिक सहल कशी आखावी

गुरुवारी दुपारी रजा मंजूर होते, पोरांना नाताळची सुट्टी लागलेली असते, आणि घरात पहिला प्रश्न येतो: "कुठं जायचं?" सगळा घोळ इथूनच सुरू होतो. एकजण मालवण म्हणतो, दुसरा गोवा, तिसऱ्याला महाबळेश्वर हवं असतं. शेवटी मालवण ठरतं. मग शुक्रवारचा अख्खा दिवस खोलीसाठी फोन फिरवण्यात जातो, रात्री कुणाच्या तरी ओळखीनं दुप्पट भावात एक खोली मिळते, आणि शनिवारी सातला निघणारी गाडी अकराला हलते.

महिनाभर आधी बेत करताना ठिकाण आधी ठरवलं तरी चालतं, कारण खोली आणि गाडी मागून मिळते. सहल दोन दिवसांवर असेल तर क्रम उलटा धरायचा. आधी माणसं, मग परतीची वेळ, मग खोली. ठिकाण त्यातून उरतं ते घ्यायचं. पुढच्या पायऱ्या याच क्रमानं आहेत, त्या वरखाली करू नका. आणि चौथी पायरी पुरी होईपर्यंत पोरांना कुठल्याही गावाचं नाव सांगू नका. एकदा 'समुद्र' हा शब्द कानावर पडला की पन्हाळा कितीही चांगला असला तरी तो शिक्षाच वाटतो.

## पायरी १: माणसं मोजा आणि परतीची वेळ लिहा

घरच्या ग्रुपवर "कोण कोण येणार?" असा मेसेज टाकू नका. त्याला रात्रीपर्यंत अकरा होकार येतात, त्यातले चार सकाळी गळतात, आणि तोवर तुम्ही तीन खोल्यांचे पैसे भरलेले असतात. ज्यांना न्यायचंच आहे त्यांना एकेक करून फोन करा, आणि हो किंवा नाही तिथंच घ्या. "बघतो, सांगतो की मागनं" म्हणजे नाही. दाजी नाराज होतील, पण ते दोन दिवसांत निवळतात.

माणसं मोजताना तीन गोष्टी कागदावर लिहा. कुणाला जिने चढता येत नाहीत, कुणाला घाटात गाडी लागते, आणि कुणाची परीक्षा तोंडावर आहे. दहावी-बारावीच्या पूर्वपरीक्षा साधारण जानेवारीत असतात. त्या पोराला पुस्तकं घेऊन समुद्रावर नेण्यात कुणाचंच भलं होत नाही. एक मुक्काम कमी करा.

आता परतीची वेळ. ही निघण्याच्या वेळेपेक्षा महत्त्वाची. सोमवारी सकाळी सातला शाळेची रिक्षा येणार असेल तर रविवारी संध्याकाळी सातच्या आत घरात पाय पडला पाहिजे. तिथून मागं मोजा. मालवणहून जेवणखाण, थांबे धरून पाच तास. म्हणजे दोनला निघायचं, म्हणजे बाराला जेवायचं, म्हणजे दहानंतर नवीन काही सुरू करायचं नाही. शनिवार-रविवारची 'दोन दिवसांची' सहल खरं तर दीड दिवसाचीही नसते, हे या एका हिशेबात कळतं.

माझा ठोकताळा असा: एक मुक्काम असेल तर एका बाजूचा प्रवास अडीच-तीन तासांच्या आत, दोन मुक्काम असतील तर पाच तासांच्या आत. त्यापुढं गेलात की सहल गाडीतच होते.

तपासा: रजा एक दिवस पुढं सरकवता येते का? रविवारी दुपारी जाऊन मंगळवारी परतायचं जमलं तर निम्मं काम इथंच झालं. पुण्या-मुंबईची गर्दी रविवारी दुपारपर्यंत खोल्या रिकाम्या करते. शनिवारी 'फुल्ल' असलेली जागा रविवारी रात्री भाव कमी करून मिळते.

## पायरी २: कॅलेंडर उघडा

हे पाच मिनिटांचं काम आहे आणि बहुतेक जण ते करतच नाहीत. भिंतीवरचं मराठी कॅलेंडर काढा आणि तुमच्या तारखांवर पुढचं काही येतंय का बघा.

मार्गशीर्ष पौर्णिमा म्हणजे दत्त जयंती. त्या दोन-तीन दिवसांत नृसिंहवाडी, औदुंबर टाळा, अर्थात दर्शनासाठीच जायचं असेल तर गोष्ट वेगळी. याच पौर्णिमेला सौंदत्तीची रेणुकेची यात्रा असते, आणि तिला कोल्हापूर भागातून गाड्याच्या गाड्या जातात. एसटीच्या बऱ्याच बस तिकडं करारावर गेलेल्या असतात, खासगी गाड्याही अडकलेल्या असतात. म्हणजे तुम्ही सौंदत्तीला जात नसला तरी तुमची भाड्याची गाडी तिकडं गेलेली असू शकते.

मार्गशीर्षात अनेक घरांत मांसाहार बंद असतो. तुमच्या घरात तसं असेल तर मालवणच्या सुरमई थाळीसाठी एवढा घाट उतरण्यात काय हशील, हे आधी घरातच बोलून घ्या. नाहीतर निम्मी माणसं मासे खाणार आणि निम्मी त्यांच्याकडं बघत सोलकढी पिणार.

डिसेंबर-जानेवारी हा शाळांच्या सहलींचाही काळ. पन्हाळा, जोतिबा, गणपतीपुळे इथं आठवड्याच्या मधल्या दिवशीही अचानक पाच-सहा बस उतरतात. जानेवारी संपताना मालवणकडं जाणार असाल तर अंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख विचारा. ती तिथीनं बांधलेली नाही, देवीचा कौल घेऊन दरवर्षी ठरते, बहुधा फेब्रुवारीच्या आसपास. त्या दिवसांत मालवण-कणकवली पट्ट्यात खोली मिळणं अवघड.

आणि २५ डिसेंबर ते १ जानेवारी. या आठवड्यात गोवा, तारकर्ली, महाबळेश्वर ही नावं दोन दिवस आधी सुचलीच तर खोडून टाका. याच आठवड्यात बाहेरगावची मंडळी अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापुरात येतात, तेव्हा शहरातून बाहेर पडायलाही वेळ धरा.

## पायरी ३: तीन ठिकाणं निवडा, एक नाही

किलोमीटर बघू नका, तास बघा. घाटाचे वीस किलोमीटर आणि हायवेचे वीस किलोमीटर यांचा काही संबंध नाही.

दीड तासाच्या आतली. पन्हाळा सुमारे २० किलोमीटर, जोतिबा त्याच्याजवळच, नृसिंहवाडी पन्नासएक, गगनबावडा ५५, राधानगरी साधारण तेवढंच. पन्हाळ्यावर मुक्काम करायचा विचार कोल्हापूरकर सहसा करत नाही. दुपारी जायचं, झुणका-भाकरी खायची, संध्याकाळी परत, हा आपला पन्हाळा. पण एक थंडीची रात्र तिथं राहून सकाळी मसाई पठारावर चालून यायचं म्हटलं तर लहान पोरं आणि म्हातारी माणसं असलेल्या घराला यापेक्षा सोपी सहल नाही. आजीला बरं नाही वाटलं तर तासाभरात आपल्या डॉक्टरकडं.

दोन ते साडेतीन तासांची. आंबा, दाजीपूर, आंबोली, बेळगाव. दाजीपूरला गवे बघायला जायचं तर हिवाळा चांगला. अभयारण्यातल्या कच्च्या रस्त्यावर आपली गाडी नेता येते की तिथलीच घ्यावी लागते, प्रवेश किती वाजता सुरू होतो, आठवड्याची सुट्टी कोणती, हे वन खात्याकडून आधीच विचारून घ्या. आंबोली डिसेंबरात थंड, शांत आणि मोकळी असते, पण धबधबा बघायला जाऊ नका. ते फोटो जुलैचे असतात. राऊतवाडी आणि बर्की धबधब्याचंही तेच. कासची फुलंही सप्टेंबर-ऑक्टोबरातच संपलेली असतात.

चार तास आणि पुढची. मालवण-तारकर्ली दीडशेच्या थोडं पुढं, गणपतीपुळे सुमारे १४५, महाबळेश्वर १८० च्या आसपास, पणजी सव्वादोनशेच्या घरात. दोन मुक्काम असतील तरच. महाबळेश्वरला कोल्हापूरहून जाताना सवयीनं वाई-पाचगणीवरून जातात आणि पसरणीच्या घाटात रांगेत उभे राहतात. साताऱ्यातून मेढा-केळघरचा रस्ताही आहे, त्याची अवस्था त्या आठवड्यात कशी आहे ते साताऱ्यातल्या कुणाला तरी विचारा. स्ट्रॉबेरी डिसेंबरात मिळते, म्हणून पोरं खूश असतात.

या यादीतून तीन नावं काढा, आणि ती वेगवेगळ्या दिशांची असू द्या. मालवण, तारकर्ली, देवबाग ही तीन नावं नव्हेत. ते एकच ठिकाण आहे. एकीकडं भरलं की तिन्हीकडं भरलेलं असतं. मालवण, आंबोली, पन्हाळा अशी यादी हवी.

## पायरी ४: खोली

इथं वेळ घालवा. बाकी सगळीकडं घाई चालते, इथं नाही.

फोन करायची चांगली वेळ सकाळी दहा ते बारा. आदल्या रात्रीची माणसं तेव्हा बाहेर पडत असतात, कुणी मुक्काम वाढवलाय आणि कुणी रद्द केलाय हे मालकाला तेव्हाच नेमकं माहीत असतं. रात्री नऊला फोन केला तर तो दमलेला असतो आणि 'फुल्ल आहे' म्हणून ठेवून देतो.

बोलायचं कसं, तेही बघा. "दादा, शनिवारी रूम मिळंल काय?" याला उत्तर नाही असंच येतं. "काकू, आम्ही घरची सहा माणसं, दोन लहान. रविवारी दुपारी येऊन मंगळवारी सकाळी निघणार, जेवण तुमच्याकडंच घेणार. दोन खोल्या शेजारी नसल्या तरी चालतील." याला बहुतेक वेळा मार्ग निघतो. घरगुती निवास चालवणाऱ्याला जेवणारं कुटुंब हवं असतं. नाहीच म्हणाल्या तर तिथंच विचारा, "तुमच्या ओळखीचं कुणी आहे का?" कोकणात या एका प्रश्नावर पुढच्या तीन घरांचे नंबर मिळतात. पर्यटन महामंडळाची निवासस्थानं गणपतीपुळे, तारकर्ली, महाबळेश्वरला आहेत. तिथं ऐनवेळी रद्द झालेली खोली दिसते का, हेही त्याच सकाळी बघा.

सलग दोन रात्री एकाच जागी मिळत नसतील तर एक रात्र किनाऱ्यावर आणि परतीची रात्र घाटमाथ्यावर अशी फोड करता येते. पहिली रात्र मालवणात, दुसरी गगनबावड्याला. याचा आणखी फायदा म्हणजे शेवटच्या दिवशी घाट चढायचा राहत नाही.

फोनवर हे विचारल्याशिवाय पैसे पाठवू नका:

- गाडी दारापर्यंत येते का, की सामान घेऊन चालायचं?
- आजीसाठी तळमजल्याची खोली आणि कमोड आहे का?
- गरम पाणी गिझरचं, बंबाचं की सोलरचं, आणि किती ते किती? धुक्याच्या सकाळी सोलरच्या भरवशावर सहा माणसांच्या अंघोळी होत नाहीत.
- जादा गादीचे पैसे किती, आणि कितव्या वर्षापासून पोराचं पूर्ण धरता?
- जेवणाची ताटं किती वाजेपर्यंत सांगावी लागतात? आम्ही रात्री दहाला पोचलो तर काय?
- रद्द केलं तर किती परत?

मग हे सगळं एका मेसेजमध्ये लिहून त्यांना पाठवा आणि त्यांच्याकडून 'ठीक आहे' एवढं तरी लिहून घ्या. तारखेसोबत वार लिहा. '२८ ला येतो' यात शनिवार की रविवार हा घोळ नेहमीचा.

सावध: इंटरनेटवर लॉजच्या नावापुढं दिसणारा नंबर लॉजचाच असेल असं नाही. गर्दीच्या दिवसांत खोटे नंबर लावून आगाऊ रक्कम उकळणारे सुटलेले असतात. तीन गोष्टी करा. खोलीचा व्हिडिओ कॉल मागा. पैसे पाठवताना समोर जे नाव येतं ते मालकाचं किंवा लॉजचं आहे का बघा. आणि त्याच गावातल्या दुसऱ्या एखाद्या लॉजवाल्याला सहज विचारा. "पैसे परत पाठवतोय, हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका" असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा. पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही.

पूर्ण रक्कम आगाऊ मागणाऱ्यापेक्षा एका रात्रीचे पैसे मागणारा बरा.

तिन्ही ठिकाणांत जिथं खोली पक्की झाली ते तुमचं ठिकाण. आता पोरांना सांगा.

## पायरी ५: गाडी

स्वतःची गाडी असेल तर आदल्या दिवशी हवा, स्टेपनीची हवा, कूलंट, ब्रेक, वायपर आणि हेडलाइट बघून घ्या. स्टेपनीची हवा कुणी बघत नाही, ती घाटातच आठवते. पीयूसी आणि विम्याची मुदत बघा, फास्टॅगमध्ये पैसे टाका. पाच जणांच्या गाडीत सात माणसं कोंबून घाट उतरू नका. पोर मांडीवर घेऊन पुढं बसवायचं तर अजिबात नाही.

भाड्याची गाडी घेणार असाल तर पिवळ्या नंबरप्लेटचीच घ्या. ओळखीच्या माणसाची पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्त पडते, पण अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. दर ठरवताना किलोमीटरचा भाव एवढंच विचारू नका. दिवसाला कमीत कमी किती किलोमीटर धरणार, चालकाचा भत्ता, रात्रीचा भत्ता, टोल आणि पार्किंग कुणाकडं, हे सगळं मिळून आकडा घ्या. गोवा किंवा बेळगाव असेल तर परराज्याच्या परवान्याचा कर त्यात धरलाय का, तेही. आणि चालक झोपणार कुठं? याची सोय ठरवलेली नसली की तो रात्रभर गाडीत अवघडतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसाच्या हातात तुमचा घाट असतो.

एसटीनं जाणाऱ्यांसाठी: महिलांना तिकिटात निम्मी सवलत, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मी, ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट. चार बायका, दोन पोरं आणि आजोबा असं कुटुंब असेल तर गाडीच्या डिझेलपेक्षा एसटी स्वस्त पडते. ज्येष्ठांनी वयाचा पुरावा जवळ ठेवावा. ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते, बेळगाव-पणजीसाठी पुढचं पूर्ण तिकीट पडतं. तुमची बस मध्यवर्ती स्टँडवरून सुटते, रंकाळ्यावरून की शहरातल्याच संभाजीनगर स्टँडवरून, हे चौकशी खिडकीवर आधीच विचारा. चुकीच्या स्टँडवर सामान घेऊन उभी राहिलेली कुटुंबं दर सुट्टीत दिसतात.

कोकणात रेल्वेनं जायचा विचार सोडा. कोल्हापूर-वैभववाडी मार्ग अजून झालेला नाही.

## पायरी ६: घाट ठरवा, मग निघायची वेळ

निघायची वेळ सगळे आधी ठरवतात. "पहाटे चारला निघू, म्हणजे आठला समुद्रावर." हिवाळ्यात ही सगळ्यात मोठी चूक. कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीत सूर्य उगवतो सातच्या सुमारास. चारला निघालात तर सगळा घाट अंधारात आणि वर धुकं.

शिवाय हा ऊस गाळपाचा हंगाम. कुडित्रे, बिद्री, शिरोळ, कुठल्याही बाजूला जा, रस्त्यावर रात्रभर दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या असतात. मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला, आणि ऊस ट्रॉलीच्या बाहेर हातभर आलेला. धुक्यात तो दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. सकाळी साडेसहा-सातला घर सोडा आणि साडेआठ-नऊला घाटमाथ्यावर पोचा. तोवर धुकं उचललेलं असतं. परतीला घाट साडेपाचच्या आत चढून व्हायला हवा, कारण सहाच्या सुमारास सूर्य मावळतो.

आता कुठला घाट:

- मालवण, तारकर्ली, देवगड: रंकाळा-फुलेवाडी-कळे-गगनबावडा, मग करूळ किंवा भुईबावडा घाट. किंवा राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाट उतरून कणकवली.
- रत्नागिरी, गणपतीपुळे: शिवाजी पूल, वाघबीळ, मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा. गणपतीपुळ्यासाठी पुढं निवळीवरून वळता येतं.
- सावंतवाडी, वेंगुर्ला, गोवा: निपाणी किंवा गडहिंग्लजकडून आजरा, तिथून आंबोली घाट.

नकाशात निळी रेघ दिसली म्हणून घाट चालू आहे असं समजू नका. २०२४ मध्ये करूळ घाट कामासाठी बंद ठेवला होता तेव्हा गगनबावड्यापर्यंत जाऊन भुईबावड्याकडं वळावं लागायचं. आंबा घाटाच्या रस्त्यावर आणि साताऱ्याकडच्या हायवेवरही रुंदीकरणाची कामं निघतात. आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या मालकाला विचारा, "आज कोल्हापूरची गाडी कुठल्या घाटानं आली?" नकाशापेक्षा हे उत्तर खरं. दुसरी सोय म्हणजे एसटी. घाट बंद असेल तर बस कुठून वळवल्यात ते आगारात माहीत असतं.

पेट्रोल-डिझेल घाटाआधी भरा. नकाशा मोबाइलमध्ये उतरवून घ्या, घाटात रेंज जाते. उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. गाडी न्यूट्रल करून, नुसत्या ब्रेकवर घाट उतरणारे 'डिझेल वाचवतात', आणि खाली पोचेपर्यंत ब्रेकचा जळका वास येतो. तसा वास आलाच तर मोकळ्या जागी गाडी बाजूला घेऊन अर्धा तास थांबा, चाकावर पाणी मारू नका.

गाडी लागणाऱ्याला निघताना मिसळ देऊ नका. हे कोल्हापुरात सांगावं लागतं. कोरडी भाकरी, एखादं केळं, आलेपाकाची वडी, आणि त्याला खिडकीजवळ पुढं बघत बसवा. मोबाइल हातात नको. औषध द्यायचं असेल तर डॉक्टरांनी सांगितलेलं, घाट सुरू व्हायच्या आधी. लागल्यावर दिलेलं पोटात टिकत नाही.

तपासा: ११२ हा आपत्कालीन मदतीचा आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक घरातल्या मोठ्या पोरालाही माहीत आहे ना?

## पायरी ७: पिशव्या आणि घर

इथं लोक उगाच रात्र जागवतात. माणशी एक पिशवी, त्याबाहेर काही नाही. कोकणात दुपारी घाम येतो आणि घाटमाथ्यावर पहाटे दात वाजतात, म्हणून एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा पातळ दोन घाला. कानटोपी आजीची आणि सर्वांत लहान पोराची वेगळी, हाताशी ठेवा. मोठ्यांची ओळखपत्रं एका पाकिटात. रोजची औषधं दोन दिवस जादा. थोडी रोकड, कारण रेंज नसली की मोबाइलनं पैसे जात नाहीत. डब्याला धपाटे, खर्डा, भडंग पुरे. रस्सा नको, पहिल्याच वळणावर सांडतो.

घर सोडताना सिलिंडर, पाण्याचा कॉक, इस्त्री. दूधवाल्याला आणि पेपरवाल्याला सांगणं राहतंच, ते आदल्या रात्री करा. दारात पडलेले दोन पेपर आणि फेसबुकवर टाकलेले समुद्राचे फोटो मिळून चोराला सगळं सांगतात. फोटो परतल्यावर टाका.

## पायरी ८: तिथं पोचल्यावर

सकाळी एक गोष्ट, संध्याकाळी एक गोष्ट. मधे जेवण आणि झोप. दोन मुक्कामांत सहा ठिकाणांची यादी घेऊन निघालेली कुटुंबं तिसऱ्या ठिकाणी भांडतात.

मालवणला गेलात तर सिंधुदुर्गाची होडी सकाळची धरा. दुपारी ऊन लागतं आणि रांग वाढते. होडीवाला किल्ल्यावर किती वेळ देणार ते चढताना विचारा, तो साधारण तासाभराचा असतो. समुद्र खवळलेला असेल तर होडी बंद राहते, त्याबद्दल हुज्जत घालू नका. लाइफ जॅकेट अंगात नसेल तर होडी असो की पाण्यातले खेळ, पोरं बसणार नाहीत.

सावध: गणपतीपुळ्याचा समुद्र बघायला शांत वाटतो, पण तिथं पाणी लवकर खोल होतं आणि ओढ असते. तिथं बुडून माणसं गेलेली आहेत. घोट्यापर्यंत, फार तर गुडघ्यापर्यंत, आणि पाण्यात गेलेल्या पोरामागं एक मोठा माणूस फक्त त्याच कामाला. भरती-ओहोटीची वेळ मुक्कामाच्या मालकाला विचारा. भरतीच्या वेळी खडकांवर फोटो नकोत.

दाजीपूरला गव्यासाठी गाडीतून उतरू नका. लांबून थोराड म्हैस वाटते, पण गवा बिथरला की पळून सुटता येत नाही. आणि घाटातल्या माकडांना शेंगदाणे देऊ नका. ती नंतर आजीच्या पिशवीवर झडप घालतात.

परतीच्या दिवशी सकाळी न्याहारी झाली की हिशेब चुकता करून सामान गाडीत भरा, मग शेवटचा फेरफटका मारा. उलट केलं तर दुपारी एकजण ओले कपडे शोधत असतो आणि चार वाजतात.

## काहीच जमलं नाही तर

शुक्रवारी दुपारी बारापर्यंत तिन्ही ठिकाणी खोली मिळाली नाही तर फोन बंद करा. संध्याकाळपर्यंत ओढाताण करून मिळालेली खोली बहुधा कुणालाच नको असलेली असते. रात्री स्वतःच्या घरी झोपा आणि दोन दिवस दोन बाजूंना जा.

शनिवारी सकाळी जोतिबा, दुपारी पन्हाळ्यावर जेवण, संध्याकाळी तटावरून सूर्यास्त, आठपर्यंत घरी. गर्दीच्या दिवशी पन्हाळ्याच्या चढावर गाड्या अडकतात, म्हणून साडेअकराच्या आत वर जा.

रविवारी नृसिंहवाडी आणि खिद्रापूर. हिवाळ्यात नदी पात्रात असते, त्यामुळं वाडीत पादुकांचं दर्शन नीट होतं. दर्शन सकाळी लवकर उरका, येताना बासुंदी आणि कवठाची बर्फी घ्या, मग कुरुंदवाडवरून खिद्रापूर. तिथं जेवणाची फारशी सोय नाही, डबा न्या. तिथल्या कोपेश्वर मंदिराच्या स्वर्गमंडपात पोरांना मोकळं सोडा आणि चारला निघा. शिरोळच्या बाजूला उसाचे ट्रॅक्टर दिवसाही असतात, अंधार पडायच्या आत ते मागं टाकलेले बरे.